गांजा कायदेशीर झाला, पण वासाचं काय? तुमचे अनुभव लिहा

मिसिसागा, कॅनडा
इथे १७ ऑक्टोबर २०१८ ला गांजा कायदेशीर झाला. कोणी आपल्या घरात काय ओढावं यात मला पडायचं नाही, आणि बंदी हवी की नको हा वादही इथे नको. पण तो वास माझ्या मुलाच्या खोलीत येतो आणि मुलाला दमा आहे. परदेशातल्या कितीतरी मराठी घरांत हा त्रास आहे. भारतात फोनवर सांगायला मात्र संकोच वाटतो, त्यामुळे कोणी बोलत नाही. तुमच्याकडे काय होतं, नियम काय आहेत, कशाने फरक पडला, ते लिहा.

आधी माझं सांगते. आम्ही उंच इमारतीत वरच्या मजल्यावर राहतो. सगळ्यांचा संशय शेजारच्या कॉलेजच्या मुलांवर होता. प्रत्यक्षात ओढणारे खालच्या मजल्यावरचे निघाले. हिवाळ्यात इमारतीतली गरम हवा वर चढते आणि पाइपांच्या, वायरींच्या भोकांतून खालचा वास वर घेऊन येते. मॅनेजरने दाराखालची फट बंद करायला सांगितली, तर वास आणखी वाढला. माझे भावोजी इमारतींच्या वायुवीजनाचंच काम करतात. ते म्हणाले, अशा इमारतींत ताजी हवा कॉरिडॉरमधून त्याच फटीतून घरात येते. ती बुजवून बाथरूमचा पंखा लावला, की घर शेजाऱ्यांकडची हवा ओढणारच. मग फट मोकळी केली. सिंकखालच्या पाइपांभोवतीची भोकं भरून घेतली, भिंतीतल्या प्लगांच्या झाकणांमागे फोमचे तुकडे बसवले. एअर प्युरिफायर घेणाऱ्यांनी लक्षात ठेवा, हेपा फिल्टर धुराचे कण पकडतो, वास पकडत नाही. वासासाठी अ‍ॅक्टिव्हेटेड कार्बनचा चांगला जाड थर लागतो. वास आता निम्म्याहून कमी आहे, पण गेलेला नाही.

क्वीन्स, न्यूयॉर्क
ताई, धागा काढलात ते बरं केलंत. आमच्याकडे मार्च २०२१ मध्ये कायदा बदलला. एकवीस वर्षांपुढच्यांना मोकळीक आहे, आणि साधारणपणे जिथे सिगारेट चालते तिथे हेही चालतं, म्हणजे फुटपाथ आलाच. बागेत आणि समुद्रकिनाऱ्यावर दोन्हींना बंदी आहे, पण ती पाळतंय कोण? माझी आई नाशिकची. पहिल्याच दिवशी कोपऱ्यावर थांबली आणि म्हणाली, "अरे, हा तर सिंहस्थातल्या साधुग्रामचा वास." तिला त्याचं अप्रूप नाही आणि घृणाही नाही. पण नातीला शाळेत सोडायला जाताना रोज सकाळी तोच वास आला, तेव्हा तिने विचारलं की इथे मुलांसाठी वेगळा रस्ता नाही का. यावर मी काय सांगणार? घरातला वास भोकं बुजवून कमी करता येईल, रस्त्यावरच्या वासाला काय करायचं?

म्युनिक, जर्मनी
रस्त्याचं काय करायचं यावर इथे निदान विचार तरी झाला आहे. १ एप्रिल २०२४ पासून प्रौढांना बाहेर २५ ग्रॅमपर्यंत जवळ बाळगता येतो. पण शाळा आणि खेळाची मैदानं नजरेच्या टप्प्यात असतील तिथे, म्हणजे १०० मीटरच्या आत, ओढायला मनाई आहे. फक्त पायी चालणाऱ्यांसाठी असलेल्या रस्त्यांवर सकाळी ७ ते रात्री ८ बंदी आहे. बव्हेरियाने तर इंग्लिश गार्डन या म्युनिकच्या मोठ्या बागेतही बंदी घातली होती, पण २०२५ मध्ये न्यायालयाने ती रद्द केली. मला हा वेळेचा नियम फार समंजस वाटतो.

बाल्कनीचा प्रश्न मात्र आम्हालाही आला. खालच्या बाल्कनीतला धूर सरळ आमच्या बेडरूममध्ये यायचा. इथल्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने जानेवारी २०१५ मध्ये सिगारेटच्या एका प्रकरणात सांगितलं होतं की बाल्कनीतल्या धुराचा खरोखर जाच होत असेल, तर शेजाऱ्याला धूरमुक्त वेळ मागता येते. भाडेकरू संघटनेतल्या सल्लागार बाईंनी हा निकाल दाखवला. मी तो घेऊन भांडायला गेले नाही. खाली गेले, बाळाच्या झोपेच्या वेळा कागदावर लिहून दिल्या. तो मुलगा आता त्या वेळा पाळतो. सगळीकडे असं होईलच असं नाही, पण तक्रारीआधी एकदा दार वाजवून बघा.

डेन्व्हर, कोलोरॅडो
आमच्याकडे दुकानांतली विक्री १ जानेवारी २०१४ ला सुरू झाली, त्यामुळे वास जुनाच झालाय. पण इथला मोठा त्रास ओढण्याचा नाही, लागवडीचा आहे. शहराच्या उत्तरेला गोदामांमध्ये झाडं वाढवतात. फुलोऱ्यावर आली की आख्ख्या वस्तीत दर्प पसरतो, आणि त्या वस्त्या आधीच कारखान्यांच्या आणि हायवेच्या धुराने गांजलेल्या, गरीब लोकांच्या आहेत. वाईट याचंच वाटतं. श्रीमंत भागात असा वास चार दिवस तरी चालला असता का? शहराचे निरीक्षक नाकाला लावायचं 'नेझल रेंजर' नावाचं यंत्र घेऊन येतात. वासाची हवा स्वच्छ हवेत किती पट मिसळली तरी वास जाणवतो, हे त्यातून मोजतात. आता लागवड करणाऱ्यांना वास आवरण्याची योजना शहराकडे द्यावी लागते. कार्बन फिल्टर बसले तिथे फरक स्पष्ट जाणवतो.

ओटावा, कॅनडा
मी वापरते, म्हणून लिहितेय. कॅन्सरच्या उपचारांत मळमळ थांबेना, तेव्हा डॉक्टरांनीच सुचवलं. वैद्यकीय वापर इथे २००१ पासून मान्य आहे. वर कोणी टोकाचं लिहिलेलं नाही याबद्दल आभार, कारण "गंजाडी" हा शिक्का मी नातेवाइकांकडून ऐकला आहे. पण मी धूर करत नाही, जिभेखाली तेल घेते. खाण्याचे प्रकारही इथे ऑक्टोबर २०१९ पासून कायदेशीर आहेत. ज्यांना औषध म्हणून गरज आहे त्यांना शेजाऱ्यांना त्रास न देता ते घेता येतं, हे मला ठामपणे सांगायचं आहे. फक्त खाण्याचा परिणाम उशिरा येतो, म्हणून लोक दुसरा तुकडा घेतात आणि मग हाल होतात. आणि ते गोळ्या-चॉकलेटसारखं दिसतं, तेव्हा घरात मुलं असतील तर कुलपातच ठेवा.

बँकॉक
जून २०२२ मध्ये इथे मोकळं झालं, आणि त्याच महिन्यात सार्वजनिक ठिकाणचा धूर-वास हा उपद्रव ठरवून दंडाची तरतूद केली. पर्यटकांच्या गल्ल्यांत तरीही वास असायचाच. २०२५ मध्ये डॉक्टरांची चिठ्ठी सक्तीची केली.

पुणे
मुलगा टोरोंटोहून येतोय. रूममेट ओढतो, त्यामुळे कपड्यांना वास लागतो म्हणतो. काही अडचण येईल का?

मिसिसागा, कॅनडा
काकू, निघण्याआधी सगळे कपडे आणि बॅगसुद्धा धुवून, उन्हात वाळवून घ्यायला सांगा. त्याहून महत्त्वाचं म्हणजे रूममेटची गमी (गांजा घातलेली चघळायची गोळी) किंवा गांजाच्या तेलाची बाटली चुकूनही सामानात नको. कॅनडाबाहेर नेणं कॅनडातच गुन्हा आहे, आणि भारतात १९८५ चा एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थविरोधी कायदा थोड्या गांजालाही माफ करत नाही. बॅग त्याने स्वतः भरावी.

व्हँकुव्हर
आमचं प्रकरण शेवटपर्यंत गेलं, म्हणून क्रम सांगतो. इमारतीच्या नियमांत धूम्रपानबंदी होती, पण कमिटी काही करत नव्हती. आम्ही रोज वही ठेवली: तारीख, वेळ, कुठल्या खोलीत, किती वेळ. पलीकडच्या दोन घरांनाही ठेवायला लावली. डॉक्टरांचं पत्र जोडलं. मग असे वाद सोडवणाऱ्या प्रांताच्या न्यायाधिकरणाकडे, सिव्हिल रिझोल्यूशन ट्रिब्युनलकडे, ऑनलाइन अर्ज केला, वकील लागला नाही. एकट्याचं म्हणणं "तुम्हाला भास होतो" म्हणून उडवून लावतात, तीन घरांच्या वह्या जुळल्या की उडवता येत नाही. कमिटीला नियम लागू करावा लागला. तो गृहस्थ आता खाली रस्त्यावर जाऊन ओढतो. मिसिसागाच्या ताई, तुमच्या इमारतीचे नियम आधी वाचा आणि आजपासून वही सुरू करा. नमुना हवा असेल तर आमच्या वहीचं पान मराठीतून लिहून इथेच टाकतो.