सर्जनशील, सृजनशील की नुसती शक्कल?

सातवी ब च्या बाई : पाण्यावर पोस्टर करा, असा प्रकल्प दिला होता. मागच्या बाजूला 'मी सर्जनशील विचार कसा केला' यावर चार ओळी लिहायच्या होत्या. बहुतेकांनी गळका नळ काढला. एकीने फक्त आपला दुतोंड्या मारुती (नाशिकला गोदावरीत उभी असलेली मूर्ती, पूर किती चढला ते तिच्यावरून सांगतात) काढला आणि त्याच्या अंगावर मोजपट्टीसारख्या रेघा मारल्या. गुडघा, कंबर, छाती, सगळ्या निळ्या. एकच रेघ तपकिरी, पायांच्याही खाली, आणि तिच्याशेजारी 'मे' एवढंच लिहिलेलं. मागे मात्र तिने लिहिलं, 'मी विचार केला नाही. मला शक्कल सुचली.' मी लाल पेनने 'शक्कल' खोडून 'कल्पना' केलं, आणि तेव्हापासून ते मनाला लागून राहिलंय. हा शब्द हलका आहे का? आणि पुढच्या वेळी कागदावर 'सर्जनशील' छापू की 'सृजनशील'?

व्याकरणप्रेमी : सर्जनशीलच. दृश् वरून दर्शन होतं, दृशन नाही. तसंच सृज् वरून सर्जन. गणपतीचं आपण विसर्जन करतो, विसृजन नाही. सृजन हिंदीतून आलंय.

गंगापूर रोड : सर्जन म्हटलं की मुलांना सिव्हिल सर्जन आठवतो हो! सृजन कानाला गोड लागतो, आणि आता तो रुळलाय.

व्याकरणप्रेमी : उद्या चुकीचं काहीही रुळेल. शाळेच्या कागदावर तरी नको.

तांबट लेन : बाई, खोडायला नको होतं. शक्कल मूळ अरबी, शक्ल म्हणजे आकार, रूप. आमचे आजोबा हंडा मठारायचे. एखादा पोचा निघेना की हातोडी खाली ठेवून हंडा फिरवत बसायचे आणि म्हणायचे, 'थांब, शक्कल लढवू.' हातात वस्तू धरून जे सुचतं, त्याला शक्कलच म्हणायचं.

मखमलाबाद : पण शक्कलमध्ये थोडी लबाडी येतेच. 'उधारी बुडवायची शक्कल' म्हणतो, 'उधारी बुडवायची कल्पना' कोण म्हणतं?

तांबट लेन : 'नामी शक्कल'मध्ये कुठे आलीय लबाडी?

संस्कृतची विद्यार्थिनी : भट्टतौतांची व्याख्या आहे : प्रज्ञा नवनवोन्मेषशालिनी प्रतिभा मता, म्हणजे जिला सतत नवं नवं स्फुरतं ती बुद्धी म्हणजे प्रतिभा. मुलीला झालं ते हेच.

मखमलाबाद : सातवीच्या पोरीच्या वहीत प्रतिभा कशाला?

अनुवादक : माझं लक्ष 'सुचली'वर गेलं. विचार 'मी' करते, पण सुचतं 'मला', जसं आठवतं, भूक लागते. मुलीने दोन्ही क्रियापदं शेजारी ठेवून नेमका फरक दाखवलाय. बाईंच्या प्रश्नातच 'केला' होतं, म्हणून तिला आधी नकार द्यावा लागला.

व्याकरणप्रेमी : सुचलं एकदाच. छातीची रेघ कुठे, मे ची कुठे, हे तिने ठरवलंच ना? तो विचारच झाला.

सातवी ब च्या बाई : आज तिला विचारलं. म्हणाली, पूर आला की मामाचा फोन येतो आणि आजी पहिलं विचारते, 'मारुतीच्या कुठवर आलं?' उन्हाळ्यात कोणी विचारत नाही, म्हणून ती रेघ मारली. मी खोडलेल्या शब्दाखाली टिंबं देऊन तो परत घेतलाय.

गंगापूर रोड : छान केलंत बाई. पण पोस्टरला भित्तिपत्रक म्हणायचं ना?

व्याकरणप्रेमी : भिंतीवर लावलं तर. वर्गात दोरीला अडकवलं असेल तर फलक.

तांबट लेन : फलक लाकडाचा असतो. कागदाचा तो तक्ता.