फुकटच्या सॉफ्टवेअरवर कमावता, मग परत काय देता?

तापीकाठ (जळगाव)
इथल्या डाळ मिलना आणि रावेर-सावद्याच्या केळी व्यापाऱ्यांना आम्ही हिशेबाचं सॉफ्टवेअर करून देतो. खाली लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टीम, त्यावर पोस्टग्रेस हा डेटाबेस, वर पायथन ही भाषा. सगळं ओपन सोर्स, म्हणजे कुणीही फुकट वापरावं असं. परवान्यापोटी एक रुपया जात नाही, गिऱ्हाइकाकडून मात्र पूर्ण बिल घेतो. अशा प्रत्येक कंपनीने नफ्यातला ठरावीक हिस्सा मूळ लिहिणाऱ्यांना द्यायलाच हवा. इंटरनेटवरची देवाणघेवाण गुप्त ठेवणाऱ्या ओपनएसएसएल या फुकटच्या सॉफ्टवेअरमध्ये २०१४ मध्ये हार्टब्लीड नावाचा सुरक्षेतला दोष उघड झाला, तेव्हा त्याला वर्षाला देणगी मिळत होती जेमतेम २,००० डॉलर. वापरणारे कोण? जगातल्या सगळ्यात श्रीमंत कंपन्या.

धुळेकर
भाऊ, तुमनं म्हननं पटस, पण 'द्यायलाच हवा' हे नाही पटत. एमआयटी नावाच्या खुल्या परवान्याखाली सॉफ्टवेअर देणाऱ्याने राजीखुशीने सांगितलंय, वापरा, बदला, विका. नंतर हिस्सा मागायचा तर आधी परवाना बदला. दहा माणसांची कंपनी, गिऱ्हाइकाची उधारी तीन-तीन महिने, जीएसटी मात्र वेळेवर. आणि मोठे देतातच की! लिनक्स कर्नलचं, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याचं, बहुतेक काम आज इंटेल, रेड हॅट, गूगलसारख्यांचे पगारी इंजिनिअर करतात.

तापीकाठ
कर्नलकडे सगळ्यांचं लक्ष असतं. एक्सझेडकडे, म्हणजे लिनक्समध्ये फाइली आकसवणाऱ्या छोट्या सॉफ्टवेअरकडे, कुणाचं होतं? जवळपास एकटा, थकलेला माणूस ते सांभाळत होता. एका अनोळखी मदतनिसाने दोन-अडीच वर्षं त्याचा विश्वास कमावला आणि २०२४ मध्ये त्यात चोरदरवाजा घुसवला.

धुळेकर
तो चोरदरवाजा पकडला मायक्रोसॉफ्टच्या नोकरदाराने, आंद्रेस फ्रॉइंडने. लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतोय, हे शोधताना. म्हणजे कंपन्यांच्या पगारावरची माणसंच कामी आली ना?

पांझराकाठची (साक्री)
नशिबाने सापडला, दादा. त्यावर विसंबायचं? आपल्याकडे फड पद्धतीत पाटाचं पाणी घेणारा प्रत्येक शेतकरी गाळ काढायला येतो किंवा त्याचा वाटा भरतो. पाणी वाटणाऱ्या पाटकऱ्यालाही सगळे मिळून मोबदला देतात. इथे पाटकरी उपाशी आणि सगळ्यांची शेतं हिरवी.

धुळेकर
ताई, पाणी एकाने घेतलं की दुसऱ्याला कमी पडतं. सॉफ्टवेअरची लाख वेळा नक्कल करा, कमी होत नाही.

पांझराकाठची
सॉफ्टवेअर नाही संपत. सांभाळणाऱ्याचा वेळ संपतो. लाख वापरणारे झाले की तक्रारीही तेवढ्याच वाढतात, आणि त्या वाचणारा तो एकटाच.

सातपुडा (नंदुरबार)
पैशावरच का अडलात? कॉलेजात मी लिबरऑफिस हे फुकटचं ऑफिस सॉफ्टवेअर शिकवतो. मुलं मराठी भाषांतर तपासतात, चुका कळवतात. छोट्या कंपनीने एका माणसाचा महिन्यातला एक दिवस याला दिला तरी खूप. मोठ्यांनी मात्र पैसेच द्यावेत. शेअर दलालीतल्या झेरोधाने २०२४ पासून अशा सॉफ्टवेअरसाठी वर्षाला १० लाख डॉलरचा निधी ठेवला आहे, कुणी सक्ती केली नव्हती.

धुळेकर
दिवस देणं जमेल, हे मान्य. हिस्सा बांधून घेणं अजूनही अमान्य. आणि पाठवायचे कुणाला? एका प्रोजेक्टमध्ये शेकडो लायब्ऱ्या, म्हणजे इतरांनी लिहिलेले तयार कोडचे तुकडे, ओढल्या जातात.

तापीकाठ
यादी काढा. ज्यांच्यामागे कंपनी किंवा फाउंडेशन आहे त्या वगळा. उरतील त्यातली जी बंद पडली तर तुमचं बिलिंग थांबेल, तिच्यापासून सुरुवात करा. आमची यादी या आठवड्यात इथेच टाकतो, तुम्हीही तुमची टाका.