फॅटी लिव्हर: सिलिमरिन, हळद, गुळवेल एकत्र चालेल का?

प्रश्न (म्हापसा): सोनोग्राफीत ग्रेड २ फॅटी लिव्हर, एसजीपीटी (रक्तातलं यकृताचं एन्झाइम) ७२. दुकानदाराने सिलिमरिन (मिल्क थिसल या वनस्पतीच्या बियांचा अर्क), हळदीच्या कॅप्सूल आणि गुळवेलीचा रस सुचवलाय. तिन्ही घेऊ?

उत्तर (फोंडा): एकत्र नकोच. त्रास झाला तर कशाने झाला ते कळणार नाही. सिलिमरिन साधारण १४० मिग्रॅ, दिवसातून दोन-तीनदा घेतात. लेबलवर ७०-८० टक्के सिलिमरिन लिहिलेलं हवं, नुसती बियांची पूड नको. एन्झाइम थोडे उतरतात, चरबी हटते याचा पुरावा मात्र कच्चा. साखरही किंचित उतरू शकते, म्हणून मधुमेहाची औषधं चालू असतील तर डॉक्टरांना आधी सांगा.

उत्तर (मडगाव): गुळवेल अजिबात नको, ताई. कोविडकाळात भारतात तिच्यामुळे यकृताला सूज आल्याची प्रकरणं नोंदली गेलीत, स्वयंप्रतिकार आजार असलेल्यांना धोका जास्त. हुमणातली (माशांच्या आमटीतली) हळद निर्धोक. बऱ्याच कॅप्सूलमध्ये पिपेरीन (मिरीतला घटक) असतं, त्याने कर्क्युमिनचं (हळदीतल्या मुख्य घटकाचं) शोषण कितीतरी वाढतं आणि काहींच्या यकृताला तेच भोवतं. लघवी गडद, डोळे पिवळे, अंगाला खाज, यातलं काहीही दिसलं की त्याच दिवशी सगळं बंद करून एलएफटी (यकृताची रक्ततपासणी) करा.

उत्तर (फोंडा): खरा उपाय वजन. ८० किलो असेल तर ६ ते ८ किलो उतरवा, सहा महिने ते वर्षभरात. दुपारचं शीत (भात) निम्मं, सॉफ्ट ड्रिंक बंद, घरात कुणी उर्राक-फेणी घेत असेल तर तुम्ही नाही. बिनसाखरेची कॉफी चालते. फायब्रोस्कॅनबद्दल (यकृताचा कडकपणा मोजणारी तपासणी) डॉक्टरांना विचारा, सोनोग्राफीच्या ग्रेडवरून यकृत किती कडक झालंय ते कळत नाही.