मदत हवी आहे: गंभीर कादंबरीवरून केलेले विनोदी चित्रपट

मंडळी, आमच्या वाचनगटात मला वीस मिनिटं बोलायचंय. विषय मीच ओढवून घेतलाय: कादंबरी गंभीर, पण तिच्यावरचा चित्रपट विनोदी.

सुरुवात दिग्दर्शक कुब्रिकच्या ‘डॉ. स्ट्रेंजलव्ह’ने (1964) करणार. पीटर जॉर्जची मूळ ‘रेड अलर्ट’ (1958) म्हणजे श्वास रोखून वाचायची अणुयुद्धाची थरारकथा. स्ट्रेंजलव्ह हे पात्र तिच्यात नाहीच, आणि जगही शेवटी वाचतं. चित्रपटात मात्र अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष रशियाच्या पंतप्रधानांना फोनवर हल्ल्याची बातमी देतात, ती रुसलेल्या पाहुण्याची समजूत काढावी अशा सुरात. तिथे मी दर वेळी फुटतो.

(चित्रपटावरून त्याच लेखकाने त्याच नावाची कादंबरीही लिहिली. ती वेगळी, ती नकोय.)

दुसरं उदाहरण ‘जोजो रॅबिट’ (2019), मूळ कादंबरी ‘केजिंग स्काइज’. इथे गाडी अडली. ‘मॅश’ आणि ‘कॅच-22’ पाहिले, पण त्यांची पुस्तकंच मुळात हसवणारी. ‘3 इडियट्स’चंही तेच. नेटवर शोधलं की नुसत्या ‘पुस्तकावर आधारित विनोदपट’ अशा याद्या येतात, सूर बदललाय का ते कोणी सांगत नाही.

भाषा कुठलीही चालेल, पुस्तक मात्र मराठी, हिंदी किंवा इंग्रजीत मिळायला हवं. विडंबनपट आणि नाटकावरचे चित्रपट नकोत. हाताशी दोन आठवडे आहेत, म्हणजे एकच कादंबरी वाचून होईल.

तर असं तिसरं उदाहरण कुणी पुस्तक आणि चित्रपट दोन्ही अनुभवून सुचवेल का? आणि नेमका कोणता प्रसंग शेजारी शेजारी ठेवला तर फरक चटकन कळेल?