ऑफिसात सगळ्यांसमोर उपास कसा करायचा?

सोनचाफा:
सलाम सगळ्यांना. लेंट (ईस्टरच्या आधीचा चाळीस दिवसांचा उपासकाळ) चालू आहे, आमच्या चर्चच्या पाळकांनी कोणावर सक्ती केलेली नाही पण यंदा मी ठरवलं की दर शुक्रवारी नाश्ता आणि दुपारचं जेवण सोडायचं, संध्याकाळची उपासना झाली की जेवायचं. अडचण अशी की ऑफिसात आम्ही सगळ्याजणी एकत्र डबा खातो, डबा उघडला नाही की लगेच "काय गं, बरं नाही का?" आणि उपास म्हटलं की "अय्या, तुमच्यात पण असतो?" मग कोणीतरी मायेने साबुदाण्याची खिचडी पुढे करतं, ती नाही म्हटली की अजून प्रश्न. बायबलात मत्तय ६ मध्ये तर तोंड धू, डोक्याला तेल लाव, लोकांना दिसू देऊ नको असं आहे, इथे अख्ख्या फ्लोअरला कळलंय. मग हा उपास फुकट गेला का? आणि खरं सांगायचं तर तेवढ्या वेळात प्रार्थना कमी आणि घड्याळाकडे बघणंच जास्त होतं.

जुना_मेथडिस्ट:
फुकट कशाला जातोय ताई. त्याच अध्यायात दान आणि प्रार्थनेबद्दलही तेच सांगितलंय, म्हणून काय आपण चर्चमध्ये सगळ्यांसोबत प्रार्थना करत नाही का? प्रेषितांची कृत्ये १३ काढा, अंत्युखिया शहरात मंडळीची (तिथल्या चर्चची) माणसं मिळून उपास करत होती, म्हणजे एकमेकांना माहीत होतंच ना, आणि त्यातूनच बर्णबा आणि शौल (म्हणजे पौल) प्रभूच्या कामाला निघाले. कळणं वेगळं आणि मिरवणं वेगळं. लूक १८ मधला परुशी (नियम काटेकोर पाळणाऱ्या यहुदी पंथातला माणूस) बघा, कोणी विचारलं नव्हतं तरी आठवड्यातून दोनदा उपास करतो म्हणून देवालाच ऐकवतोय! पोट बिघडलंय वगैरे थापा मारू नका, "आज माझा उपास आहे, खिचडी सोमवारी खाते" एवढं हसून सांगायचं आणि विषय संपवायचा. आणि डब्याच्या टेबलावर बसूच नका हो, समोर मटकीची उसळ दरवळत असताना कोणाला स्तोत्र आठवणार? कॉरिडॉरमध्ये नाहीतर गाडीत जाऊन बसा, एकच स्तोत्र घ्या, हळूहळू वाचा. आमच्या मेथडिस्ट पंथाचे संस्थापक जॉन वेस्ली ऑक्सफर्डला असताना बुधवार-शुक्रवार उपास करायचे, ही पद्धत पहिल्या मंडळ्यांपासूनची आहे, पण जेवणाचा वेळ प्रार्थनेला दिला नाही तर ते नुसतं डाएटिंग झालं असं माझं मत.

वसईचा_पोरगा:
आम्हा कॅथलिकांत नियम ठरलेले आहेत. राखेचा बुधवार (लेंटचा पहिला दिवस) आणि गुड फ्रायडे हे दोन दिवस उपासाचे, १८ ते ५९ वयाच्यांनी एक पूर्ण जेवण आणि दोनदा अगदी थोडंसं, ते दोन्ही मिळून पण एका जेवणाएवढं होता कामा नये. लेंटच्या शुक्रवारी मटण-चिकन बंद, ते १४ वर्षांपासून पुढे सगळ्यांना. मासे चालतात. आता इथेच घोळ आहे, मटण नाही म्हणून पापलेट तळायचं, वर कोळंबीचं कालवण, आणि त्याला त्याग म्हणायचं, हे मला कधीच पटलं नाही, डाळभात खा की गपचूप. यशया ५८ मध्ये देव स्पष्ट सांगतो की मला हवा तो उपास म्हणजे भुकेल्याला तुझ्या भाकरीतली भाकरी दे. आमच्या घरी शुक्रवारी जे वाचतं ते पैसे एका डब्यात पडतात आणि ईस्टरच्या आधी गरजूला जातात. त्या डब्यात काही पडलं नाही तर आजी अजून विचारते.

तारण_फुकट:
प्रेज द लॉर्ड. तारण (पापातून सुटका) देवाच्या कृपेने आहे, पोट मारून काय मिळवणार? हे सगळं कर्मकांड आहे, आजूबाजूच्यांचं बघून आपण पण करायला लागलो.

जुना_मेथडिस्ट:
भाऊ, मिळवण्यासाठी कोण करतंय? प्रभू येशूने "तुम्ही उपास कराल तेव्हा" असंच म्हटलंय, "केलात तर" नाही. आणि स्वतः रानात चाळीस दिवस कोणाचं बघून केला?

रात्रपाळी:
मी नर्स आहे, आध्यात्मिक चर्चेत पडत नाही पण एक सांगते. शुगरवाल्यांनी, त्यातही इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड (शुगरची गोळी) चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय जेवण सोडू नका, शुगर एकदम खाली जाते, घाम सुटतो, हात थरथरतात, माणूस बेशुद्ध पण पडतो. असं काही झालं तर तिथेच साखरपाणी घ्या, उपास मोडला म्हणून रडत बसू नका. गरोदर बायांनी पण नको. पाणी सगळ्यांनी प्या. दुपारी डोकं ठणकतं ते बऱ्याचदा भुकेने नाही, सकाळचा चहा चुकला म्हणून, रोज तीन-चार कप पिणाऱ्यांनी आधीच्या आठवड्यात कमी करत आणा.

सोनचाफा:
चहाचं अगदी बरोबर पकडलंत! शुगर वगैरे नाही मला. ह्या शुक्रवारी टेबलावर न बसता गच्चीवर जाऊन बघते, आणि पैशांचा डबा आजच ठेवते. अजून एक, माझा मुलगा नववीत आहे, तो म्हणतो मी जेवण नाही सोडणार, मोबाईल सोडतो. हा उपास धरायचा का?

वसईचा_पोरगा:
धरायचा की, वाढत्या वयात जेवू दे त्याला. फक्त फोन रात्रीपर्यंत तुमच्या कपाटात, चावी तुमच्याकडे.