मदत हवी आहे: रानातल्या न्हाणीत शॉवरला जोरच येत नाही

नमस्कार मंडळी,

अंजनेरीच्या पायथ्याला आमचं थोडं रान आहे. उतारावर ऐन, आंबा आणि करवंदाच्या जाळ्या, खाली भाताची खाचरं. वीज नाही. दिवाळीनंतर आई-बाबा महिनाभर तिथे राहतात. आई अजून उजाडायच्या आत ओढ्यावर अंघोळीला जाते. त्या थंडीत, ओल्या दगडांवरून, ६८ वर्षांची बाई. माझा जीव थाऱ्यावर राहत नाही, म्हणून यंदा तिला न्हाणी करून द्यायचीच आहे.

कारवीचा कूड घालून आडोसा झाला, खाली शहाबादी फरशी टाकली. ४ फुटी दगडी चौथऱ्यावर २०० लिटरचा काळा ड्रम ठेवलाय, दुपारपर्यंत पाणी छान कोमट होतं. तळाला अर्धा इंची पाइप जोडून ६ फुटांवर घरचा जुना शॉवर लावला. पण पाणी भुरभुर पडतं, केसांतला साबणसुद्धा निघत नाही, आणि ड्रम फूटभर उतरला की तेही बंद. काय चुकतंय?

दुसरं, शोषखड्डा खणायला घेतला तर दोन फुटांवर काळा पाषाण लागला. सांडपाणी कुठे सोडू? खाली विहीर आहे.

प्रतिसाद

ताई, ड्रम ३ फुटी म्हणजे भरल्यावर पाणी ७ फुटांवर, शॉवर ६ वर. जोर येतो तो फक्त त्या एका फुटाचा. ड्रम कितीही मोठा घेतलात तरी फरक पडणार नाही, उंचीच लागते. १० मीटरला साधारण १ किलो दाब, यावरून हिशेब करा.

चौथरा वाढवू नका आणि झाडावर तर मुळीच चढवू नका, भरलेला ड्रम २०० किलोच्या वर जातो. तुमच्याकडे उतार आहे ना? ड्रम वरच्या बांधावर न्या, तिथून एक इंची पाइप आणा आणि अगदी शॉवरपाशीच अर्धा इंच करा. घरच्या शॉवरची बारीक भोकं कमी दाबाला चालत नाहीत, झारीचं तोंड लावून बघा. ड्रमचं झाकण घट्ट असेल तर त्याला भोक पाडा, हवा आत गेली नाही तर धार अडते. चुलीवरचं उकळतं पाणी मात्र त्यात ओतू नका, पीव्हीसी पाइप नरम पडतो.

पाषाणात शोषखड्डा जिरवत नाही. चर काढून पाणी केळी-अळूला द्या, विहिरीपासून निदान ५० फूट लांब. डबकं साचू देऊ नका, डास होतात.

धागाकर्ती

दादा, मनापासून आभार! वरचा बांध आज मोजला. न्हाणीच्या फरशीपासून १४ फूट चढ भरला. केळीचे मुनवेही शेजारच्या काकांकडे मिळतील. फक्त एक सांगा, झारीचं तोंड अर्ध्या इंची आट्यांवर बसतं का, की वेगळा जोड लागेल? रविवारी नाशिकला बाजारात जाणार आहे.