क्वालिफाइंगमध्ये (रेसच्या आदल्या दिवशी, शनिवारी सुटायचा क्रम ठरवणारी फेरी) दोघांचा टाइम सेम, मग पोल (सुटायची पहिली जागा) एकालाच कसा? आणि पोलचा उपयोग तरी किती?

मंडळी, मी एफवन (फॉर्म्युला वन गाड्यांची रेस) नुकतंच बघायला लागलोय. जुने रिझल्ट चाळत होतो तर २०२४ च्या कॅनडाला रसेल आणि वर्स्टापेन दोघांचा टाइम १:१२.००० दिसतोय, सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंत सेम. तरी पोल रसेलला. आणि रेस मात्र वर्स्टापेन जिंकला, रसेल तिसरा! मग शनिवारी एवढा जीव काढायचा कशाला? कुणीतरी नीट समजावून सांगा प्लीज.

लेटब्रेकर:
ज्याने तो टाइम आधी लावला तो पुढे, एवढाच नियम आहे. रसेलने आधी लावला होता. १९९७ ला हेरेझला तर तिघांचा सेम होता, विल्नव्ह, शूमाकर, फ्रेंट्झेन, सगळे १:२१.०७२, आणि त्याच क्रमाने लावले म्हणून ग्रिडही (सुटायची रांग) तसंच लागलं. रेस मात्र या तिघांपैकी कुणीच नाही, हॅकिनेन जिंकला, त्याचा पहिलाच विजय.

स्लिकटायर:
उपयोग किती ते ट्रॅक ठरवतो रे. क्वालीत गाडीत जेमतेम पेट्रोल, नवे सॉफ्ट टायर आणि एकच लॅप, सगळं त्यात ओतायचं. रेसला सुरुवातीला पूर्ण रेसचं इंधन भरलेलं असतं आणि तेच टायर वीस-पंचवीस लॅप जपून न्यायचे, त्यामुळे एका लॅपला भारी असलेली गाडी रेसला मागचे टायर खाऊन टाकू शकते. मोनाकोत मात्र शनिवारच सगळं. २०२४ ला पहिल्याच लॅपला रेड फ्लॅग (रेस मध्येच थांबवणारा लाल झेंडा) आला, थांबल्या थांबल्या सगळ्यांनी टायर बदलून घेतले, पिटला (टायर बदलायचा थांबा) यायची गरजच उरली नाही, आणि पहिले दहा जण ज्या नंबरवर सुटले त्याच नंबरवर संपले!! लक्लेर पोलवरून जिंकला, घरच्या ट्रॅकवर, मला खूप आनंद झाला होता तेव्हा.

पिटवॉल:
त्याच लक्लेरचं २०२१ आठवतंय का. पोल लावला, शेवटी भिंतीला गाडी ठोकली, रात्रभर टीमने तपासली, गिअरबॉक्स ठीक निघाला म्हणून सगळे निर्धास्त, आणि रेसच्या दिवशी ग्रिडकडे जाताना डाव्या बाजूचा ड्राइव्हशाफ्टचा (चाकाला ताकद पोचवणारा दांडा) भाग गेला. सुटलाच नाही तो. पहिली जागा रिकामीच राहिली, ती रिकामी चौकट बघून अजून पोटात कालवतं माझ्या.

प्रश्न विचारणारा:
बापरे, हे माहीतच नव्हतं. मग मागून सुटून जिंकणं किती कॉमन आहे?

लेटब्रेकर:
कॉमन नाही, पण होतं. रेकॉर्ड जॉन वॉटसनचं, १९८३ लाँग बीच, २२ वरून जिंकला आणि टीममेट लाउडा २३ वरून दुसरा आला. अलीकडचं बघायचं तर २०२४ ब्राझील बघ, वर्स्टापेन १७ वरून पावसात जिंकला. नॉरिस पोलवर होता, सहावा आला. नॉरिस पिटला जाऊन आला, वर्स्टापेन बाहेरच राहिला, आणि मग रेड फ्लॅग लागला म्हणून वर्स्टापेनला टायर फुकटात, म्हणजे वेळ न घालवता, बदलता आले. पण नशीब म्हणून सोडून देऊ नकोस, ओल्या ट्रॅकवर इतरांना जिथे ग्रिप सापडत नव्हती तिथून तो गाड्या काढत होता. पूर्ण रेस बघ, हायलाइट्स नको.